अरुंद खाचांच्या तळाशी निकेल पोकळ का निघतं? इलेक्ट्रोफॉर्मिंगमधली पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचा माग

इलेक्ट्रोफॉर्मिंग म्हणजे धातूच्या द्रावणात (बाथमध्ये) साचा बुडवून करंटने त्याच्या खाचांत धातू भरायचा आणि भाग घडवायचा. साचा तोच, बाथ तोच, करंटही तोच. रुंद खाचा छान घट्ट भरतात. पण त्याच प्लेटवरच्या ४० मायक्रॉन रुंदीच्या खाचा उघडून पाहिल्या की तळाशी पोकळी, कधी काळपट ठिसूळ थर, कधी हिरवट गाळ. वरून सगळं व्यवस्थित दिसतं. रेझिस्ट (ज्यात खाचा कोरलेल्या असतात तो साच्याचा थर) काढून भाग सुटा केला की पाया तुटून हातात येतो. महिन्यातून दोन प्लेटा नीट निघतात, तिसरी बिघडते, आणि काय बदललं ते कोणालाच सांगता येत नाही.

आम्ही या दुखण्यावर बराच काळ चुकीचं औषध देत होतो. ढवळणं वाढवलं, निकेलचं प्रमाण वाढवलं, पल्स (करंट क्षणभर चालू, क्षणभर बंद) लावून पाहिली. प्रत्येक वेळी एखादी प्लेट चांगली निघाली की वाटायचं, सापडलं. पुढच्या प्लेटला पुन्हा तेच. शेवटी कागद घेऊन साधं गणित मांडलं तेव्हा उलगडा झाला, आणि ते गणित इतकं छोटं आहे की सुरुवातीलाच का केलं नाही याचं आजही वाईट वाटतं. म्हणून ते इथे पूर्ण मांडतो आहे.

आधी हे नक्की करा की दुखणं खरंच द्रव्यवहनाचं आहे

द्रव्यवहन म्हणजे द्रावणातले आयन खाचेच्या तळापर्यंत पोचणं. तीन वेगळी दुखणी वरवर सारखीच दिसतात.

काही खाचांमध्ये धातूचा कणही नसेल आणि शेजारच्या तशाच खाचा भरलेल्या असतील, तर बहुतेक वेळा तळाशी डेव्हलपिंगनंतर राहिलेला रेझिस्टचा पातळ पापुद्रा असतो, किंवा खाचेत हवा अडकलेली असते. हा ‘आहे किंवा नाही’ असा दोष असतो. द्रव्यवहनाचा दोष असा वागत नाही, तो खोली आणि रुंदीप्रमाणे पायरीपायरीने वाढत जातो.

प्लेटच्या कडेच्या किंवा एकट्यादुकट्या खाचा उंच आणि मधल्या गर्दीतल्या बुटक्या निघत असतील, तर ते विद्युतप्रवाहाच्या वाटपाचं काम आहे. त्याला चोर-कॅथोड (जास्तीचा करंट स्वतःकडे ओढणारा धातूचा तुकडा), आडोसा किंवा अॅनोडची जागा बदलणं हे उपाय. ओळखायची खूण सोपी आहे: फक्त ढवळणं बदलून दोन प्लेटा करा. उंच-बुटक्यांचा नकाशा जसाच्या तसा राहिला तर ढवळण्याचा आणि त्याचा संबंध नाही.

आणि एकाच ठिकाणी शेजारी शेजारी असलेल्या रुंद आणि अरुंद खाचांमध्ये फरक पडत असेल, अरुंद खाच तळाशीच बिघडत असेल आणि करंट निम्मा केल्यावर बिघाड ठळकपणे कमी होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

खाचेचं घड्याळ

खोल खाचेत द्रव जवळजवळ स्थिर असतो. आतल्या आयनांना तळापर्यंत जायला विसरणाशिवाय, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत जाण्याशिवाय, वाट नाही. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो: खोलीचा वर्ग भागिले विसरणांक. निकेल आयनाचा विसरणांक साधारण ०.७ गुणिले १० चा उणे नववा घात चौरस मीटर प्रति सेकंद धरा. ३०० मायक्रॉन खोल खाचेसाठी उत्तर येतं सुमारे १३० सेकंद. १ मिलिमीटर खोलीसाठी सुमारे २४ मिनिटं.

हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. मिलिसेकंदांत होणारी कोणतीही गोष्ट तळाला कळतच नाही. आणि मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आपण सहसा घाईत उरकतो. आमचा वारंवार येणारा बिघाड नेमका या दुसऱ्या वाक्यात लपलेला होता.

आम्ही साचा निर्वाताखाली शुद्ध पाण्याने भिजवत होतो, म्हणजे खाचेतली हवा निघून जावी. ते योग्यच होतं. पण पाण्याने भरलेली खाच बाथमध्ये गेली की लगेच करंट सुरू व्हायचा. म्हणजे तळाशी निकेलचं द्रावण नव्हतंच, होतं ते पाणी. कॅथोडवर करंट तर जातोच आहे, आयन नाहीत, मग पाणीच फुटतं: हायड्रोजन सुटतो, हायड्रॉक्साइड साचतं आणि निकेलचा पहिला थर ठिसूळ, काळपट बसतो. ज्या दिवशी कोणीतरी प्लेट टांगून फोन घ्यायला गेलं, त्या दिवशी नकळत दहा मिनिटं थांबणं झालं आणि प्लेट उत्तम निघाली. बाकीच्या दिवशी नाही. ‘काहीच बदललं नाही’ असं आम्ही म्हणत होतो, आणि नोंदवहीत करंट सुरू करण्याआधीचा वेळ कधी लिहिलाच नव्हता.

उपाय दोन. पहिला: वर काढलेल्या वेळेच्या निदान चार-पाच पट थांबा. ३०० मायक्रॉनसाठी दहा मिनिटं, १ मिलिमीटरसाठी दीड-दोन तास. दुसरा, आणि आता आम्ही हाच वापरतो: निर्वाताखाली भिजवताना पाण्याऐवजी बाथचंच गाळलेलं, वायू काढून घेतलेलं द्रावण वापरा. सीड लेयर (खाचेच्या तळाचा, ज्यावर निकेल बसतं तो धातूचा पातळ थर) सोन्याचा असेल तर निर्धास्त थांबता येतं. तांब्याचा किंवा निकेलचा असेल तर फार वेळ करंटशिवाय ठेवणं बरं नाही, तेव्हा दुसराच मार्ग धरावा. सीड लेयर सक्रिय करायला आम्लात बुडवत असाल तर खाचेत आम्ल भरलेलं असतं हेही विसरू नका. वरवर धुतल्याने ते निघत नाही. त्यालाही तेच घड्याळ लागू.

उपाशी कोण आहे?

सुरुवात नीट झाल्यावरही अरुंद खाचा बिघडत असतील तर पुढचा प्रश्न: तळाशी नेमकं काय कमी पडतंय? सगळे पहिलं नाव निकेलचं घेतात. मोजून पाहू.

आमच्या सल्फामेट बाथमध्ये, म्हणजे निकेल सल्फामेटच्या द्रावणात, लिटरला ७५ ग्रॅमच्या आसपास निकेल असतं, म्हणजे सुमारे १.३ मोल. ३०० मायक्रॉन खोल खाचेच्या तळाशी विसरणाने जितकं निकेल पोचू शकतं त्यावरून मर्यादा निघते सुमारे ५.८ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर. आपण चालवतो १ किंवा २. म्हणजे निकेल मुबलक पोचतंय. १ मिलिमीटर खोलीला मात्र हीच मर्यादा पावणेदोनपर्यंत खाली येते आणि तिथे निकेलचीच उपासमार खरी असते. पण ३०० मायक्रॉनला निकेलचं प्रमाण वाढवून काही साधत नाही, फक्त द्रावण दाट होतं आणि विसरण आणखी मंदावतं.

आता हायड्रोजन आयन पाहा. पीएच ४ म्हणजे लिटरला एक दशसहस्रांश मोल. निकेलच्या तेरा हजार पटीने कमी. हायड्रोजन आयन चपळ असतो, त्याचा विसरणांक तेरापट जास्त, तरीही हिशेब केला तर ३०० मायक्रॉन खोलीवर मुक्त हायड्रोजन आयनांचा पुरवठा फक्त ०.३ अँपिअर प्रति चौरस मीटर एवढा करंट झेलू शकतो. सल्फामेट बाथची कार्यक्षमता ९५ ते ९८ टक्के असते, म्हणजे तेवढा करंट निकेल बसवण्यात जातो, उरलेला हायड्रोजन सोडण्यात. १ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर, म्हणजे १०० अँपिअर प्रति चौरस मीटर चालवताना ३ टक्के हायड्रोजनवर गेले असं धरलं, तर गरज ३ ची आणि पुरवठा ०.३ चा. उरलेला सगळा भार बाथमध्ये पीएच सावरायला घातलेल्या बोरिक आम्लाच्या डोक्यावर. ते थकलं की तळाचा पीएच चढू लागतो, आणि ६ च्या थोडं वर गेला की इतक्या दाट द्रावणात निकेल हायड्रॉक्साइड बाहेर पडायला लागतं. तोच तो हिरवट गाळ. आडात पाणी भरपूर आहे, पोहराच तळाला टेकत नाही, अशी गत.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते नेहमीच्या खोलीच्या कामात खरी मर्यादा तीच ठरवते. सुटलेला हायड्रोजन बाहेर कसा जातो? तोही विरघळून, विसरणानेच. पाण्यात हायड्रोजन फार थोडा विरघळतो, लिटरला पाऊण मिलिमोलच्या आसपास. ३०० मायक्रॉनच्या वाटेने तो विरघळलेल्या अवस्थेत बाहेर जायचा तर सुमारे अडीच अँपिअर प्रति चौरस मीटर एवढ्याच हायड्रोजन-करंटला जागा आहे. त्याहून जास्त झालं की तळ अतिसंपृक्त होतो आणि कधीतरी बुडबुडा धरतो. रुंद खाचेतला बुडबुडा सुटून वर जातो. ४० मायक्रॉनच्या खाचेत तो भिंतींना चिकटून बूच मारतो आणि त्याच्याखालचं काम तिथेच थांबतं. ती आपली पोकळी.

आता आकडे शेजारी ठेवा. १ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला ३ टक्क्यांनी होतात ३, मर्यादा अडीचची. म्हणजे आपण नेमके उंबऱ्यावर उभे होतो. पीएच जरा इकडे तिकडे, एखादी अशुद्धी, सीड लेयर जरा खरबरीत, की प्लेट उंबऱ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. ‘कधी होतं, कधी होत नाही’ याचं दुसरं कारण हे. ०.५ ला आलात की दीडच होतात, आणि श्वास घ्यायला जागा मिळते.

ढवळणं वाढवून का भागत नाही

खाचेच्या तोंडावरून द्रव वाहतो तेव्हा आत एक भोवरा फिरतो. तो साधारण खाचेच्या रुंदीएवढ्या खोलीपर्यंत असतो. त्याच्याखाली दुसरा भोवरा असतो खरा, पण शेकडो पटीने दुबळा, आणि तिसरा त्याहून तितकाच दुबळा. कोपऱ्यातल्या आणि अरुंद जागेतल्या संथ प्रवाहांचं हे गणित द्रवगतिकीचे अभ्यासक एच. के. मोफॅट यांनी १९६४ मध्ये मांडलं आणि ते आपल्या खाचेला चपखल लागू पडतं. ४० मायक्रॉन रुंद, ३०० मायक्रॉन खोल खाचेत वरचे पन्नासेक मायक्रॉन हलतात. बाकी अडीचशे मायक्रॉन तुम्ही पंप कितीही मोठा लावा, शांतच.

ढवळणं निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ते खाचेबाहेरचा विसरण-थर पातळ करतं. संथ बाथमध्ये तो दोनेकशे मायक्रॉन असतो, चांगल्या पॅडलने किंवा फिरत्या कॅथोडने पन्नासच्या खाली येतो. म्हणजे एकूण वाट ५०० वरून ३५० वर येते. एवढा फायदा जरूर घ्या, पण तो एकदाच मिळतो. पॅडल दुप्पट वेगाने फिरवून ३५० चे ३३० होतील, बस. खाच भरत आली की मात्र चित्र उलटं होतं: आत ३० मायक्रॉन उरले असताना बाहेरचे पन्नासच मोठे, तेव्हा ढवळणंच सगळं ठरवतं. म्हणून ढवळण्याचा दोष खाचेच्या वरच्या भागात दिसतो, तळाशी नाही. एकाच दिशेने जोराचा प्रवाह असेल तर वरचा पृष्ठभाग एका बाजूला कलता भरतो, तेव्हा मागेपुढे सरकणारं पॅडल बरं.

प्लेटची ठेवण हा मात्र फुकटचा आणि दुर्लक्षित उपाय आहे. निकेल खर्ची पडलेलं द्रावण हलकं होतं. खाचांची तोंडं वर असतील तर हलका द्रव खाली आणि जड द्रव वर अशी अस्थिर रचना होते आणि रुंद खाचांमध्ये द्रव आपोआप उलथापालथ करतो. तोंडं खाली असतील तर हलका द्रव तळाशी, म्हणजे वरच्या टोकाला, अडकून बसतो, आणि बुडबुडेही तिथेच. अरुंद खाचेत या उलथापालथीचा उपयोग नाही, कारण तिचा जोर रुंदीच्या चौथ्या घाताने घटतो. पण बुडबुडे सुटायला तोंड वर असणं केव्हाही चांगलं. फक्त मग गाळणी चोख हवी, कारण कणही वरूनच पडतात.

पल्सने आमची निराशा का केली

याचं उत्तर घड्याळातच आहे. १० मिलिसेकंदांत निकेल आयन साधारण ४ मायक्रॉन सरकतो. पल्सच्या विश्रांतीत पृष्ठभागालगतचा तेवढाच थर ताजा होतो. तळापासून तोंडापर्यंतची उतरण सरासरी करंटवर ठरते, आणि सरासरी तीच ठेवली तर उतरणही तीच. पल्सने कणांचा आकार, ताण, चकाकी बदलते. त्यासाठी ती वापरा. खोल खाचेची उपासमार तिने मिटत नाही. पल्स लावून सुधारणा झाली असं वाटलं तर आधी पाहा की सरासरी करंट कमी तर झाला नाही ना. आमच्याकडे तसंच झालं होतं.

मिनिटांची विश्रांती दिली तर खाच खरोखर ताजी होते. पण निकेल करंट बंद होताच निष्क्रिय पापुद्रा धरतं आणि नंतरचा थर त्यावर नीट चिकटत नाही; भाग पुढे थरांतून सुटतो. म्हणून करंट शून्यावर कधीच नेऊ नका. एक-दशांशावर आणा, खाचेच्या विसरण-वेळेच्या दुप्पट थांबा, मग हळूहळू चढवा.

आता काय करतो

करंट एकच ठेवत नाही. खाच भरत जाते तशी वाट आखूड होते, मग करंट त्या प्रमाणात वाढवतो: उरलेली खोली अधिक बाहेरचा थर, या बेरजेच्या व्यस्त प्रमाणात. ३०० मायक्रॉनच्या खाचेला सुरुवातीला बेरीज ३५०, करंट ०.५. अर्धी भरली की बेरीज २००, करंट ०.८७. पन्नास उरले की बेरीज १००, करंट १.७५. त्यापुढे २ वर थांबतो, कारण ताण वाढायला लागतो. निकेल १ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला तासाला सुमारे १२ मायक्रॉन चढतं. त्या हिशेबाने सरळ ०.५ ने भरायला ४९ तास लागतील, असं चढवत नेलं तर २८. सरळ १ ने चालवलं तर साडेचोवीस. म्हणजे साडेतीन तास जास्त देऊन तळ सुरक्षित होतो. मला तरी हा सौदा कोणत्याही यंत्रसामग्रीपेक्षा मोलाचा वाटतो. भिंती सरळ असतील तर क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून वीजपुरवठ्याला पायऱ्यापायऱ्यांनी सूचना दिली की झालं. धातू वर येऊन पसरायला लागला की मात्र क्षेत्रफळ वाढतं, तेव्हा हिशेब नव्याने करा.

बोरिक आम्ल लिटरला ४० ग्रॅमच्या खाली जाऊ देत नाही. बाथ थंड झाला की ते स्फटिक होऊन तळाशी बसतं आणि सकाळी तापवून लगेच काम सुरू केलं तर ते पूर्ण विरघळलेलंही नसतं. पीएच ३.५ ते ४ मध्ये. खाली नेला तर हायड्रोजन वाढतो, वर नेला तर हायड्रॉक्साइड जवळ येतं, म्हणून इथे फार खेळ नाही. तापमान ५० ते ५५ अंश: विसरण दर अंशाला दोनेक टक्क्यांनी वाढतं, म्हणून ४० वरून ५० ला येणं ढवळणं आणखी वाढवण्याहून जास्त उपयोगी. ६० च्या वर सल्फामेट फुटू लागतं आणि ताण बिघडतो. ओलावक इतका की पृष्ठताण ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास राहील. तो कमी पडला की बुडबुडे भिंतीला जास्त चिकटतात.

अल्ट्रासाउंडबद्दल नेहमी विचारलं जातं. २० ते ४० किलोहर्ट्झवर बुडबुडे फुटण्याचा मार इतका असतो की बारीक रेझिस्टचे खांब पडतात. १ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी सौम्य असतो आणि तो खाचेत थोडा प्रवाह उभा करू शकतो. खोली १ मिलिमीटरच्या जवळ असेल आणि वेळ हाताबाहेर जात असेल तर तो विचार करण्याजोगा आहे. लिगा पद्धत (क्ष-किरणांनी खोल साचे कोरून त्यांत धातू भरण्याची) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या अणुसंशोधन केंद्रात युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या सूक्ष्म नॉझलसाठी आकाराला आली, तेव्हापासून इतक्या खोल साच्यांना बहुतेकांनी मुख्यतः कमी करंट आणि चिकाटी हेच दिलं आहे.

भाग घट्ट निघतो पण वाकतो, तेव्हा

हाही याच घराण्यातला दोष आहे. सॅकरिनसारखी ताण कमी करणारी भर बाथमध्ये अगदी थोडी असते आणि ती विसरणानेच तळाला पोचते. खाच खोल असताना कमी पोचते, भरत आली की जास्त. परिणामी खालच्या आणि वरच्या धातूचा ताण वेगळा, आणि सुटी केलेली पातळ पट्टी धनुष्यासारखी वळते. चढवत नेलेल्या करंटने हेही कमी होतं, कारण वाट आणि खर्च दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात. सॅकरिनमधलं गंधक निकेलमध्ये राहतं आणि २०० अंशांच्या वर तापवल्यास ते ठिसूळ होतं. भाग पुढे तापणार असेल तर ती भर टाळून कमी करंटनेच ताण सांभाळावा.

निकेल-लोह मिश्रधातू काढणाऱ्यांना हा दोष सर्वांत आधी दिसतो. त्यात लोहाचे आयन थोडे असतात आणि त्यांचं बसणं पोचण्यावरच अवलंबून असतं. एकाच करंटने भरलेला भाग उभा कापून तळापासून वरपर्यंत लोहाचं प्रमाण मोजलं, तर ते वरच्या दिशेने वाढत गेलेलं दिसतं. खाचेत काय चाललं होतं याची इतकी स्पष्ट नोंद दुसरी कोणतीही चाचणी देत नाही. आम्ही शुद्ध निकेलचं काम करत असतानाही नव्या साच्यासाठी एकदा मिश्रधातूची प्लेट मुद्दाम काढतो, फक्त ही उतरण वाचायला.

मिश्रधातूची सोय नसेल तर प्रत्येक साच्यात एका कोपऱ्यात २०, ४०, ८० आणि २०० मायक्रॉन रुंदीच्या चार चाचणी-खाचा ठेवा. प्लेट झाल्यावर त्या राळेत बसवून कापा, घासा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तळ पाहा. आणि नोंदवहीत दोन नवे रकाने आखा: भिजवण्यासाठी काय वापरलं, आणि करंट सुरू करण्याआधी किती मिनिटं थांबलो.